आडनाव नावाचा कॉलम

दोन रेझ्युमे घ्या. डिग्री तीच, मार्क तेच, अनुभव तोच, फॉन्टसुद्धा तोच. फरक फक्त सगळ्यात वरच्या ओळीत. एकावर एक आडनाव, दुसऱ्यावर दुसरं. आता दोन्ही एकाच जाहिरातीला पाठवा आणि बोलावणं कुणाला येतं ते बघा. एकदा करून काहीच कळणार नाही. पाकीट गहाळ होतं, एचआरवाल्याचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नसतं, काहीही होऊ शकतं. पण हेच हजारो वेळा केलं तर?

आपण आयटीवाले याला ए/बी टेस्टिंग म्हणतो. 'बाय नाऊ'चं बटण हिरवं ठेवायचं की केशरी, एवढ्यासाठी आपण ते करत असतो. सुखदेव थोरात (हो तेच, २००६ ते २०११ मधले यूजीसीचे अध्यक्ष, आणि मूळचे आमच्या अमरावती जिल्ह्यातले, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही) आणि न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी ते आडनावांवर करून पाहिलं. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे त्यांनी पेपरात येणाऱ्या खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. अर्जदार सगळे बनावट. कुणाचं नाव सवर्ण वाटेल असं, कुणाचं दलित, कुणाचं मुस्लिम. निकाल २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. सवर्ण नावाचे ऑड्स १ धरले, तर तेवढीच पात्रता असलेल्या दलित नावाचे ०.६७ आणि मुस्लिम नावाचे ०.३३.

आकडे वाचून राग येतो, वाईट वाटतं, ते ठीक. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट छळते. त्या ४,८०८ अर्जांपैकी कुठलाही एक नाकारलेला अर्ज उचला आणि म्हणा, चला, यावर केस करू. नाही करता येणार. कंपनीने शिवी दिलेली नाही, जात विचारलेली नाही. फक्त बोलावलं नाही. आणि न बोलावण्याची शंभर कारणं असतात. म्हणजे भेदभाव झाला हे नक्की, पण तो नेमका कोणत्या अर्जावर झाला हे सांगता येत नाही.

असला भेदभाव आपल्या कायद्याच्या हाती लागतो का? आजचा लेख त्याबद्दल आहे. मी वकील नाही. पण मी अकोल्याचा, इंजिनिअरिंग अमरावतीला केलं, नोकरी पुण्यात. आणि आडनाव असं, की वऱ्हाडात ऐकल्याबरोबर समोरच्याला 'कळतं'. पुण्यात कळायला थोडा वेळ लागतो, इतकंच. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फावल्या वेळातला नाही.

थोडं मागे जाऊ. पूर्वी आमच्याकडे नकार तोंडावर असायचा. अमरावतीला अंबादेवीचं देऊळ आहे. कॉलेजात असताना पेपरच्या आदल्या दिवशी तिथे बॅकलॉगवाल्यांची रांग लागायची. सगळ्या आडनावांची. १९२७ मध्ये त्याच देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले डॉ. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. त्या नोव्हेंबरात अमरावतीत परिषद भरली, अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडच्या तळ्याचं पाणी पिऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

त्या काळचा भेदभाव साधासरळ होता असं म्हणणं क्रूर होईल. पण एका अर्थी तो स्पष्ट होता. दार होतं, दारावर माणूस होता आणि तो 'नाही' म्हणत होता. कायद्याला असं दार समजतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने १९४७ मध्ये दोन कायदे केले, एक अनुसूचित जातींवरचे सार्वजनिक जागांतले निर्बंध हटवणारा आणि दुसरा मंदिरप्रवेशाचा. पुढे १९५० ला राज्यघटनेचं कलम १७ आलं, अस्पृश्यता संपली म्हणून जाहीर झालं. १९५५ ला अस्पृश्यता (अपराध) कायदा आला आणि प्रांतांचे जुने कायदे त्यात विरले. १९७६ मध्ये तो कडक करून त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा ठेवलं. विहीर, हॉटेल, देऊळ, दुकान, दवाखाना... एकेक दार त्यात नोंदलेलं आहे.

मग धाकली. अकोला जिल्ह्यातलं गाव. १९७४ मध्ये तिथे गवई बंधूंचे डोळे काढले गेले. दलित पँथरने ते प्रकरण लावून धरलं आणि धाकलीचं नाव देशभर गेलं. आमच्या घरी हे नाव निघालं की आजी विषय बदलायची, 'जेवून घ्या' म्हणायची. तेव्हा पोलिसांच्या हाती होतं ते साधं दंडविधान. त्यात गंभीर दुखापत होती, हत्यार होतं. डोळे कुणाचे गेले, कुणी काढले आणि गावात कुणाचं काय चालतं, यासाठी त्यात जागाच नव्हती. अशा अनेक धाकलींनंतर १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा झाला, ३० जानेवारी १९९० पासून लागू. आपण ज्याला नुसतं 'अट्रॉसिटी' म्हणतो तो हा.

माझे एक मामा अकोल्याला वकिली करतात. अट्रॉसिटीच्या केसेस बऱ्याच चालवल्यात त्यांनी. मे महिन्यात अकोल्यात दुपारी बाहेर पडणं म्हणजे आत्महत्याच, म्हणून गेल्या सुट्टीत त्यांच्या कूलरसमोर बसून मी सगळी प्रोसेस समजून घेतली. (मला फ्लोचार्ट काढल्याशिवाय काही समजत नाही. मामा त्या फ्लोचार्टला 'तुहं ते रांगोळीचं' म्हणतात.)

कागदावर हा कायदा झकास आहे. तपास ठाण्यातल्या कुठल्याही अधिकाऱ्याने करायचा नाही, डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. ६० दिवसांत दोषारोपपत्र. त्यानंतर शक्यतो दोन महिन्यांत विशेष न्यायालयात निकाल. अटकपूर्व जामीन नाही. पीडिताला सरकारकडून मदत, तीही टप्प्याटप्प्याने. समजा चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर एक लाख रुपये: पंचवीस टक्के एफआयआरला, पन्नास टक्के दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, उरलेले पंचवीस शिक्षा झाल्यावर. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती, तिची तीन महिन्यांतून निदान एक बैठक. आणि कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यालाच (तो अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर) सहा महिने ते एक वर्ष कैद. स्पेसिफिकेशन म्हणून बघितलं तर एरर हँडलिंगसकट लिहिलंय सगळं.

आता प्रॉडक्शनमध्ये काय होतं ते मामांच्या तोंडून ऐका.

"दोन महिने म्हंतं ना तुहा कायदा? माह्याजवळच्या फायली पाह्य. फिर्यादी झाला तवा त्याचं पोरगं पाळण्यात होतं, आता ते पोरगं त्याले मोटरसायकलवर कोर्टात घेऊन येते. साक्षीदार गावातलेच. ज्याच्या वावरात मजुरी कराची त्याच्याच विरोधात साक्ष द्याची. किती दिवस टिकंन मानूस?"

कोर्टाची भाषाही शिकावी लागते. अपमान 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' झाला पाहिजे. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये एका प्रकरणात म्हटलं, की घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेली शिवीगाळ या कलमात बसत नाही. म्हणजे शिवी देणारा असतो, ऐकणारा असतो, पण तिसरा माणूस नसेल तर हे कलम लागत नाही.

खैरलांजी सगळ्यांना आठवत असेल. भंडारा जिल्हा, २९ सप्टेंबर २००६, एकाच दलित कुटुंबातले चौघे मारले गेले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी दिली. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची २५ वर्षांची जन्मठेप केली. पण दोन्ही न्यायालयांत अट्रॉसिटीची कलमं टिकली नाहीत. खून सिद्ध झाले, जात सिद्ध झाली नाही. हायकोर्टाच्या मते तो सूडाचा प्रकार होता.

हे कसं होतं? एका शब्दामुळे. गंभीर गुन्ह्यांचं जे कलम आहे, त्यात मूळ अट होती की गुन्हा पीडिताच्या जातीच्या 'कारणावरून' झालेला असावा. आता मारणाऱ्याच्या मनातलं कारण कोण सिद्ध करणार? शेतीचा वाद होता, जुनं भांडण होतं, असं म्हटलं की जात मागे पडली. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, ती अट बदलली. आता पीडित अनुसूचित जातीचा आहे हे 'माहीत असताना' गुन्हा केला, एवढं पुरे. इफ स्टेटमेंटमधली एक कंडिशन बदलली, पण त्याला २५ वर्षं लागली.

इथे कुणीतरी 'गैरवापर' म्हणणारच, म्हणून तेही सांगून टाकतो. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने गैरवापराच्या चिंतेने तक्रारीआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी परवानगी अशा अटी घातल्या. ते प्रकरणही आपल्या महाराष्ट्रातलंच, कराडच्या सरकारी फार्मसी कॉलेजातल्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालावरून सुरू झालेलं. संसदेने ऑगस्ट २०१८ मध्ये नवं कलम घालून त्या अटी काढल्या, कोर्टाने स्वतःही ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या मागे घेतल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेची दुरुस्ती वैध ठरवली. कुठल्याही कायद्याखाली खोटी केस होऊ शकते, या कायद्याखालीही. पण ऑफिसच्या कँटीनमध्ये या कायद्याबद्दल बोलताना लोकांना गैरवापर आधी आठवतो आणि वापर आठवतच नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. २०२२ या एका वर्षात देशात अनुसूचित जातींवरच्या अत्याचारांचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले.

आणि वापर होतो. मामांनी सांगितलेली एक गोष्ट. जिल्ह्यातलंच एक गाव. जयंतीच्या मिरवणुकीवरून वाद झाला आणि दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाल्याने बौद्धवाड्यातलं दळण घेणं बंद केलं. मग किराणावाला. मग शाळेच्या पोरांना नेणारा ऑटो. कुणी काही बोललं नाही. गिरणी 'बिघडली' होती, ऑटोत 'जागा नव्हती'. मामांनी जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि समाजकल्याण, तिघांना एकच अर्ज दिला. आर्थिक आणि सामाजिक बहिष्कार हा २०१६ पासून अट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, हे कलमासकट लिहिलं, आणि खाली अधिकाऱ्याने कसूर केली तर काय, तेही कलम लिहिलं. दोन दिवसांनी डीवायएसपींची गाडी गावात आली. तिसऱ्या दिवशी गिरणी 'दुरुस्त' झाली.

"केस?" मी विचारलं.

"कायची केस? कलम चालवाच लागलं नाई. कलम हाये हे त्यायले समजलं, बस झालं."

मला ही गोष्ट फार आवडली. कायद्याचं यश आकडेवारीत येत नाही ते असं. पण ही गोष्ट नीट बघा. गिरणी एक, गाव एक, आणि पन्नास घरांचं दळण एकाच दिवशी बंद झालं होतं. म्हणजे लपवलेला असला तरी पॅटर्न दिसत होता.

आता पुणे. तीन वर्षांपूर्वी मी फ्लॅट शोधत होतो. एक टू बीएचके आवडला. बॅचलर चालतील, डिपॉझिट ठरलं, ब्रोकर म्हणाला उद्या टोकन द्या. संध्याकाळी अ‍ॅग्रीमेंटसाठी पूर्ण नाव मागितलं, मी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी: "सॉरी सर, ओनरच्या नात्यातलं कुणीतरी येतंय." ठीक आहे, येतात नातेवाईक. पण माझ्या टीममधल्या मित्राने (आडनाव पुण्याला चालणारं) सहज म्हणून दुपारी त्याच जाहिरातीवर फोन केला. फ्लॅट रिकामा होता. "कधी बघायला येताय सर?"

दिल्ली आणि आसपासच्या शहरांत थोरात आणि सहकाऱ्यांनी भाड्याच्या घरांवर हाच प्रयोग केलाय, २०१५ मध्ये छापून आला. फोनवर आणि प्रत्यक्ष भेटून. तिथेही दलित आणि मुस्लिम नावांना नकार जास्त. म्हणजे माझ्या बाबतीत नवीन काही घडलं नव्हतं.

पण मी मामांना फोन केला. घर नाकारलं तर काही कलम आहे का?

"हाये ना, काऊन नाई? १९५५ चा कायदा काढ. कलम चार. राहत्या घराबद्दल अडवणूक केली तं गुन्हा. नोकरीचं बी त्याच्यातच हाये. अन् कलम बारा वाच. अनुसूचित जातीच्या मानसासंगं असं झालं, तं ते अस्पृश्यतेपायीच झालं असं कोर्टानं धरून चालाचं. तसं नव्हतं हे दाखवाचं काम समोरच्याचं."

मी उडालोच. पंचावन्न सालच्या कायद्यात हे आहे? मग करू या केस!

"कोनावर? तुले नाई म्हनलं कोनं? ब्रोकरनं. जात इचारली कोनं? कोनंच नाई. मालकानं तं तुले पाह्यलं बी नाई. तो म्हनंन, सकाळी पाहुना येनार होता, दुपारी त्याचं रद्द झालं. त्याच्यावर काय म्हनशीन? अन् समज जिंकला. महिना ते सहा महिने कैद लिहिली हाये, अन् दंड शंभर ते पाचशे रुपये. त्याच्यासाठी तू अकोला-पुनं-कोर्ट करत बसशीन. तुले घर पाह्यजे का तारीख पाह्यजे?"

मला घर पाहिजे होतं. महिन्याभरात दुसरं मिळालं.

त्यानंतर मी बराच विचार केला. मामांचं उत्तर निराशेचं नव्हतं, व्यवहाराचं होतं. आपल्याकडे भेदभावाविरुद्धचा जो कायदा आहे तो जवळजवळ सगळा फौजदारी आहे. फौजदारी कायद्याला एक घटना लागते, एक आरोपी लागतो आणि संशयाला जागा न ठेवणारा पुरावा लागतो. माणसाला तुरुंगात टाकायचं असेल तर तो लागलाच पाहिजे, त्यात चूक काही नाही. धाकलीसाठी, खैरलांजीसाठी हाच कायदा हवा. पण आडनाव वाचून परत न येणारा फोन ही 'घटना' नसतेच. ती एखाद्या सर्व्हरवरच्या मेमरी लीकसारखी असते. एकेक रिक्वेस्ट तपासली तर सगळं ठीक, महिन्याचा ग्राफ काढला की दिसतं. नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली नोंदले जाणारे गुन्हे अट्रॉसिटीच्या तुलनेत नगण्य आहेत. त्याचा अर्थ भेदभाव नाही असा घ्यायचा, की तो या चाळणीत अडकत नाही असा?

मानवी हक्क आयोगाकडे जावं म्हणाल, तर १९९३ च्या कायद्याने तो मुख्यतः सरकारी नोकराने केलेलं उल्लंघन किंवा त्याची हयगय तपासतो, आणि शिफारस करतो. घरमालक त्याच्या कक्षेत नाही. राज्यघटनेचं कलम १५ मुळात सरकारवर बंधन घालतं. त्यातलं दुसरं उपकलम खाजगी लोकांनाही लागू आहे, पण ते दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांच्याबद्दल. आणि २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने, सहकारी गृहनिर्माण सोसायटी आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते असंच म्हटलं.

बरं, आपल्याकडे दुसरा प्रकार लिहिताच येत नाही असंही नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा उघडून बघा. एचआयव्हीबाधित माणसाला नोकरीत भेदभाव नको, भाड्याने घर देताना भेदभाव नको, आणि हे खाजगी माणसांनाही लागू, असं स्वच्छ लिहिलंय. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्यातही नोकरी आणि भाड्याचं घर दोन्ही आहेत. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला लावलंय, खाजगी कंपन्यांनासुद्धा. अंमलबजावणी कशी आहे तो भाग वेगळा, पण भाषा तयार आहे. सगळ्या कारणांसाठी मिळून एकच असा दिवाणी कायदा मात्र आपल्याकडे नाही.

असा कायदा काय करू शकतो याचं मला सापडलेलं सगळ्यात भारी उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे १९६८ पासून घरांच्या बाबतीत भेदभावबंदी कायदा आहे. व्हर्जिनियात एका संस्थेने दोन माणसं एकाच घर-कंपनीकडे पाठवली, एक काळा, एक गोरा. काळ्याला सांगितलं, फ्लॅट नाही. गोऱ्याला सांगितलं, आहे. दोघांनाही घर नकोच होतं, ते तपासायला गेले होते. १९८२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की ज्या तपासनिसाला खोटी माहिती दिली गेली त्यालाही दावा लावण्याचा हक्क आहे. म्हणजे माझ्या मित्राचा तो दुपारचा फोन! आपल्याकडे तो चहावर सांगायचा किस्सा आहे, तिकडे तो दाव्याचा पाया होऊ शकतो.

आणि जात तिकडेही पोचली आहेच. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्कोवर जातीवरून भेदभावाचा दावा लावला. (त्यातल्या दोन इंजिनिअरांवरचा व्यक्तिगत दावा २०२३ मध्ये मागे घेतला गेला.) फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नरने ऑक्टोबर २०२३ मध्ये ते नाकारलं. मधल्या काळात अ‍ॅपलने आपल्या कर्मचाऱ्यांच्या नियमांत 'जात' हा शब्द स्पष्ट घातला. म्हणजे क्युपर्टिनोत बसलेल्या कंपनीला हा शब्द लागतो. तुमच्या हिंजवडीतल्या कंपनीच्या धोरणात तो आहे का? सोमवारी पीडीएफ उघडा आणि सर्च करून बघा. वंश, धर्म, लिंग, वय, सगळं सापडेल. जात सापडली तर मलाही कळवा, आनंद होईल.

कायदा होईल तेव्हा होईल. मला माझ्या टेबलावरून जे करता येण्यासारखं होतं ते मी या वर्षी केलं. आमच्या टीमच्या भरतीत पहिली चाळणी आम्हीच लावतो. रेझ्युमेवरचं नाव, फोटो, वडिलांचं नाव, गाव काढून त्या जागी नंबर टाकणारी पन्नास-साठ ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि मॅनेजरला दाखवली.

तो चांगला माणूस आहे, खरंच. म्हणाला, "पण याची गरज काय? आपल्याकडे कोण बघतं आडनाव?"

म्हटलं, "कुणीच बघत नसेल तर झाकल्याने काही बिघडणार नाही."

दोन मिनिटं विचार करून म्हणाला, "चालव."

यातून जग बदलेल असा माझा भ्रम नाही. मुलाखतीला माणूस समोर आला की नाव कळतंच, आणि पन्नास ओळींच्या स्क्रिप्टने कुणाला पुण्यात घर मिळत नाही. पण पहिल्या चाळणीत कोण आत आलं आणि कोण बाहेर राहिलं, याची नोंद आता आमच्याकडे राहते. वर्षभराने आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून बघता येतील. फरक निघाला नाही तर उत्तम, मॅनेजरचं खरं ठरलं. निघाला, तर निदान आमच्या फ्लोअरवर तरी 'कोण बघतं आडनाव' हे वाक्य पुन्हा कुणी सहज म्हणणार नाही.

सध्या २३ रेझ्युमे आलेत. वाचायला घेतो.